गोळीच्या अंगावरचा लेप: काडतुसापासून पावडर कोटिंगपर्यंत

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून अर्धवट ऐकलं असेल तर उरलेलं इथे वाचा. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.

तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी एक व्हिडिओ आला असेल. अमेरिकेतले एक काका गॅरेजमध्ये उभे आहेत. छोट्या भांड्यात शिसं वितळवतात, साच्यात ओततात, आणि टपटप चकचकीत गोळ्या बाहेर पडतात. मग त्या गोळ्या प्लास्टिकच्या डब्यात, वरून चमचाभर रंगीत पावडर, आणि डबा खुळखुळ्यासारखा हलवायचा. शेवटी ते सगळं ओव्हनमध्ये. बाहेर येतात तेव्हा गोळ्या लाल, निळ्या, हिरव्या, अगदी जेम्सच्या गोळ्यांसारख्या. तिकडे या छंदाला 'शेक अँड बेक' म्हणतात. डबा हलवा आणि भाजा.

आता डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला यातली एक गोष्ट लगेच ओळखू येते. ती पावडर! एमआयडीसी फेज वन, फेज टू, ठाण्यात वागळे इस्टेट, जिथे जाल तिथे पाटी असते: 'पावडर कोटिंग, सेव्हन टँक प्रोसेस'. तुमच्या घरची स्लायडिंग खिडकी, ऑफिसचं कपाट, बाइकचे अलॉय व्हील, सगळ्यावर हाच थर आहे. मग प्रश्न पडतो. पावडर आपल्याकडे आहे, भट्टी आपल्याकडे आहे, शिसंही मिळतं. मग हा छंद आपल्याकडे का नाही?

'कायदा नाही म्हणतो', हे झालं एका ओळीचं उत्तर. पण कायदा नाही का म्हणतो, हे समजायला दीडशेहून जास्त वर्षं मागे जावं लागतं. आणि तिथे गेल्यावर एक मजेशीर गोष्ट दिसते. गोळीपेक्षा गोळीच्या अंगावर काय लावलंय, यावरूनच जास्त इतिहास घडलाय.

आधी थोडं विज्ञान, आणि कल्हई

एक शब्द पक्का करू. आपण 'गोळी' म्हणतो तेव्हा दोन गोष्टी एकत्र करतो. काडतूस म्हणजे सगळं पॅकेज: दारू, ती पेटवणारी टोपी, आणि पुढे बसवलेली गोळी. या भागात गोळी म्हणजे फक्त तो पुढचा शिशाचा तुकडा, जो नळीतून बाहेर उडतो.

शिसंच का? कारण ते जड आहे, मऊ आहे, आणि ३२७ अंश सेल्सियसला वितळतं. म्हणजे साध्या चुलीवर, कोळशाच्या शेगडीवर काम होतं. पण मऊपणा हीच अडचण. नळीतून घासत जाताना शिशाचा थर नळीच्या आतल्या बाजूला चिकटतो. थर साठत गेला की नेम बिघडतो आणि नळी साफ करता करता जीव जातो. म्हणून शिसं आणि नळी यांच्या मध्ये काहीतरी हवं. चिंधी, चरबी, मेण, कागद, तांबं किंवा पावडर. आजचा सगळा भाग या 'काहीतरी'बद्दल आहे.

आपल्या घरात हीच कल्पना फार जुनी आहे. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं. म्हणून कल्हईवाला यायचा, भाता मारायचा, नवसागर टाकायचा आणि कथिलाचा पातळ थर आतून फिरवायचा. पातेलं तेच, पण पदार्थ आणि धातू यांच्यात एक पडदा आला. गोळीच्या लेपाचं कामही तेवढंच. गंमत म्हणजे गोळ्या ओतणारे लोक शिशात थोडं कथिल मिसळतात, कारण त्यामुळे साचा नीट भरतो.

घरी गोळ्या ओतणं हा छंद नव्हता, रोजचं काम होतं

तोड्याच्या बंदुकीच्या काळात प्रत्येक बंदुकीची नळी वेगळ्या मापाची असायची. कारण ती कारखान्यात नाही, लोहाराकडे बनायची. त्यामुळे बंदुकीबरोबर तिच्या मापाचा साचा असायचा आणि बंदूकवाला आपल्या गोळ्या आपणच ओतायचा. आज ज्याला अमेरिकेत हौस म्हणतात, ती तेव्हाची गरज होती.

शिसं मात्र विकत घ्यावं लागायचं. ते मोठ्या प्रमाणात समुद्रमार्गे यायचं आणि इंग्रजांसारखे युरोपियन व्यापारी ते विकायचे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतलं आणि इथल्या खाडीत आरमाराची सुरुवात केली, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण बंदर ताब्यात असणं म्हणजे नुसती जहाजं नाहीत. शिसं, तांबं, गंधक असा सगळा माल उतरतो ते दार आपल्या हातात असणं, हाही त्याचा अर्थ.

रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' साधारण १७१५ च्या सुमाराचं. त्यात गडावरचं दारूकोठार राहत्या घरांजवळ नसावं आणि दारूची वेळच्या वेळी पाहणी करून ती ऊन देऊन कोरडी ठेवावी, अशा सूचना आहेत. वाचताना मला ते आजच्या सेफ्टी ऑडिटसारखं वाटतं. म्हणजे तेव्हाही हा मामला 'कोणीही, कुठेही, कसंही' असा नव्हता. नियम होते. पण गोळी कोणी ओतायची यावर सरसकट बंदी नव्हती.

१८५७: लेपात काय आहे?

आता खरी गोष्ट. १८४९ मध्ये मिनिये नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने एक नवी गोळी आणली. नळीपेक्षा किंचित लहान, त्यामुळे तोंडाकडून पटकन आत सरकते. बार उडाला की मागून फुगते आणि नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांना घट्ट बसते. नेम एकदम लांबचा झाला. याच कल्पनेवर इंग्रजांनी १८५३ ची एन्फिल्ड रायफल काढली, ०.५७७ इंच व्यासाच्या नळीची.

तिचं काडतूस कागदाचं होतं. कागदाच्या नळीत दारू, आणि टोकाला कागदातच गुंडाळलेली गोळी. गोळीकडच्या भागाला वंगण लावलेलं. का? कारण काळी दारू जळाली की नळीत काजळी साठते आणि पुढची गोळी आत जाता जात नाही. वंगण असलं की सरकते. ड्रिल अशी की कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची, मग गोळी ढकलायची.

दातांनी. इथेच सगळं अडलं. वंगणात गाईची आणि डुकराची चरबी आहे, ही बातमी १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडममधून पसरली. सरकारने नंतर सांगून पाहिलं की बाबांनो, तुमचं वंगण तुम्ही लावा, दातांऐवजी हाताने फाडा. पण विश्वास उडाला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे. २४ एप्रिलला मेरठला ९० पैकी ८५ घोडदळ शिपायांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. आणि हे ऐका: मेरठला दिलेली काडतुसं जुन्याच प्रकारची होती, नव्या एन्फिल्डची नव्हती. म्हणजे भांडण आता रसायनाचं उरलंच नव्हतं. १० मे रोजी मेरठ पेटलं. ३१ जुलैला आपल्याकडे कोल्हापुरात २७ वी पलटण उठली.

उठावाची कारणं बरीच होती. खालसा केलेली संस्थानं, पगार, जमिनी, सगळं होतं. चरबीमुळेच सगळं झालं असं कोणी म्हणत असेल तर ते अर्धंच खरं. पण इंजिनिअर म्हणून मला यात एक वेगळी गोष्ट दिसते. शिपाई जी वस्तू तोंडात घालत होता, तिची रेसिपी त्याला माहीत नव्हती आणि विचारायची सोय नव्हती. आजच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड बंद, आणि विक्रेत्यावर विश्वास शून्य. जुना बंदूकवाला आपली गोळी आपण ओतायचा, आपला लेप आपण लावायचा. त्याला असा प्रश्न कधी पडलाच नसता.

आपल्या भागाशी याचं एक नातं आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि नेमके या धामधुमीत सापडले. परत आल्यावर त्यांनी 'माझा प्रवास' लिहिलं, ते मूळ कल्याणच्या चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहाने. वैद्यांनीच ते १९०७ मध्ये छापलं. काडतुसांची बातमी साध्या मराठी माणसापर्यंत कशी पोचली, हे समजून घ्यायला त्याच्याइतकं जवळचं पुस्तक नाही.

तांब्याचा कोट, आणि पुन्हा डमडम

पुढे काय झालं? १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने बिनधुराची दारू बनवली. जोर वाढला, गोळीचा वेग वाढला, आणि उघडं शिसं त्या वेगाला टिकेना. पिळाच्या खाचांमध्ये सोलवटून निघायचं. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने त्याच सुमारास शिशाला तांब्याचा कोट चढवला. मेण-चरबीचा प्रश्न सैन्यापुरता मिटला.

मग डमडमच्या कारखान्यात ब्रिटिशांनी १८९० च्या दशकात त्या कोटाचं टोक उघडं ठेवलं. गोळी शरीरात शिरल्यावर फुलायची आणि भयंकर जखम करायची. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असा जाहीरनामा झाला. विचार करा, फरक काय होता? कोट टोकापर्यंत आहे की नाही, एवढाच. त्या काही मिलिमीटरसाठी जगातले देश एकत्र बसले.

लेप लावायचा हक्क कोणाला?

उठाव शमल्यावर इंग्रजांनी धडा घेतला. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. भारतीयाला हत्यार, दारूगोळा ठेवायचा, बनवायचा, विकायचा तर परवाना. युरोपियनांना सूट. ज्या माणसाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साचा होता, तो आता गुन्हेगार ठरू शकत होता.

याचा परिणाम ठाण्यात बघायला मिळतो. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पिस्तूल होतं ब्राउनिंग, परदेशी बनावटीचं, लंडनहून चोरून आणलेल्या पिस्तुलांपैकी. घरी ओतलेली गोळी, घरचा साचा हे जग तोवर मागे पडलं होतं. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. हा तुरुंग म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला ठाण्याचा किल्ला. आपण टीएमटीच्या बसमधून त्याच्या बाजूने जातो.

या कायद्याची चीड सगळ्यांनाच होती. १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या ११ मागण्यांमध्ये स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, ही एक मागणी होती. हो, गांधीजींनी! १९३१ च्या कराची ठरावातही नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता.

मग स्वातंत्र्य आलं तेव्हा तो हक्क घटनेत का आला नाही? १९४८ मध्ये घटना समितीत एच. व्ही. कामतांनी तशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. शस्त्र बाळगणं हा सरसकट मूलभूत हक्क केला तर तो कोणाकोणाच्या हातात जाईल, हा त्यांचा मुद्दा. फाळणीच्या दंगली नुकत्याच होऊन गेल्या होत्या, हे लक्षात घ्या. दुरुस्ती फेटाळली गेली.

शेवटी १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. योगायोग बघा: एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची. दोन महिन्यांच्या अंतराने एका बाजूला ठाणे-डोंबिवलीत कोणीही छोटा उद्योजक शेड घेऊन धातूकाम करू शकेल अशी सोय झाली, आणि दुसऱ्या बाजूला त्या धातूकामातली एक गोष्ट कुलपात गेली.

हे कुलूप कसं आहे ते नीट समजून घ्या, कारण व्हिडिओ बघून हात शिवशिवतात. कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे 'मी दारू भरलीच नाही, नुसता शिशाचा तुकडा ओतलाय' ही पळवाट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय दारूगोळा बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं, आणि जन्मठेपेपर्यंत. ऑनलाइन साचा मागवून 'बघू तरी' म्हणणाऱ्या पोराला हे परवडणारं नाही. वकिलाचा खर्च तर मी धरलाच नाही.

पावडर आली कुठून?

पावडर कोटिंगचा जन्म बंदुकीसाठी झालाच नव्हता. १९५० च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी प्लास्टिकची पूड हवेने उकळत्या पाण्यासारखी खदखदती ठेवली आणि तापलेला धातू त्यात बुडवला. पूड वितळून एकसारखा थर बसला. १९६० च्या दशकात फवारणीची पद्धत आली. पूड गनमधून जाताना तिला साधारण ६० हजार ते १ लाख व्होल्टचा विद्युतभार मिळतो, समोरचा माल अर्थिंग केलेला असतो, त्यामुळे पूड त्याला जाऊन चिकटते. मग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत ती वितळते आणि कडक होते. पातळ रंगासारखं थिनर नाही, त्यामुळे तो वास नाही. उरलेली पूड गोळा करून पुन्हा वापरता येते.

आपल्याकडच्या शेडमध्ये खरी मेहनत त्याच्याआधी असते, त्या सात टाक्यांमध्ये. तेल काढा, धुवा, गंज काढा, धुवा, फॉस्फेट करा, धुवा, शेवटचा हात द्या. टाकीत कंजूषी केली की खिडकीचा कोट दोन पावसाळ्यांत पापडासारखा सुटतो. आणि या शेडमध्ये 'गन चालवणारा' म्हटलं की कोणी दचकत नाही. तो कोटिंगचा कारागीर असतो.

अमेरिकेतल्या हौशी लोकांनी हीच पूड उचलली. तिथे २०१२-१३ च्या सुमारास काडतुसांची मोठी टंचाई झाली होती आणि घरी गोळ्या ओतणारे वाढले होते. मेण लावलेली गोळी चिकट असते, धूर करते. पावडरची गोळी कोरडी, हाताला शिसं कमी लागतं, नळीत थर कमी बसतो. गन नसली तरी डबा हलवून घर्षणाने पुरेसा विद्युतभार येतो, केसांना घासलेल्या कंगव्यासारखा. कोट पुन्हा वापरणाऱ्याच्या हातात आला आणि त्यात काय आहे हे त्याला डब्याच्या लेबलवर वाचता येऊ लागलं.

पण लेबलवर न लिहिलेली एक गोष्ट आहे. कोट चढतो शेवटी. त्याआधी शिसं वितळवताना, वरची मळी काढताना, साचा साफ करताना ते उघडंच असतं. त्याची धूळ कपड्यांवरून घरात येते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करण्याइतकं आहे, आणि त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतात आहेत. मुलांच्या मेंदूवर झालेला परिणाम उलटत नाही. तिकडे गॅरेज वेगळं असतं. आपल्याकडे वन बीएचकेमध्ये गॅलरी आणि स्वयंपाकघर यांच्यात एक जाळीचं दार असतं. कायदा उद्या बदलला तरी हे दार बदलणार नाही.

मग इथे हे काम करतं कोण?

मुख्यतः सरकार. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे १८५७ नंतर अवघ्या १२ वर्षांनी उभा राहिलेला. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी १९५३ ची. कल्याणच्या पुढे अंबरनाथला उतरणारे कितीतरी लोक दोन-तीन पिढ्या तिथे कामाला आहेत. २०२१ मध्ये जुनं ऑर्डनन्स बोर्ड मोडून ७ सरकारी कंपन्या झाल्या. अंबरनाथचा कारखाना ज्या यंत्र इंडिया कंपनीत गेला, त्याच कंपनीत कोलकात्याच्या डमडमचाही कारखाना आहे. हो, तेच डमडम!

आणि साधी शिशाची गोळी संपलेली नाही. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या, मध्य रेल्वेत नोकरी करणाऱ्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. त्या खेळातली पॉइंट टू टू काडतुसं बघितलीत तर पुढे उघडं शिसं असतं आणि त्यावर मेणासारखं वंगण. वेग ध्वनीच्या आसपास किंवा खाली, त्यामुळे तांब्याचा कोट लागत नाही. म्हणजे एन्फिल्डच्या काडतुसावर जी कल्पना होती, तीच ऑलिंपिकमध्ये अजून चालू आहे. फरक एवढाच की त्या वंगणात काय आहे, याची आता कोणाला भीती वाटत नाही.

तर मंडळी, व्हिडिओ बघून मजा वाटली असेल तर दोन रस्ते मोकळे आहेत. नेमाची ओढ असेल तर रायफल क्लबमध्ये जा, एअर रायफलपासून रीतसर शिका. आणि धातूवर थर चढताना बघायचा असेल तर सायकलची जुनी फ्रेम घेऊन एमआयडीसीतल्या एखाद्या जॉबवर्कवाल्याकडे जा. भट्टीजवळ उभं राहू द्याल का, असं विचारा. कामाच्या गडबडीत नसतील तर बहुतेक लोक प्रेमाने दाखवतात. टाक्या किती आहेत ते मात्र मोजून घ्या!

पुढच्या भागात उल्हासनगरला. तोवर हा भाग ग्रुपवर फॉरवर्ड करा, आणि तुमच्या घरात कोणी खडकीला किंवा अंबरनाथला फॅक्टरीत होतं का, ते नक्की कळवा. भेटूच.